मऊपणा कुठे जातो

हुंग्या बाळांच्या लंगोटांचा वास घेतो, असं आम्ही आमच्या तपासणी केंद्रात येणाऱ्या पाहुण्यांना गमतीनं सांगतो. ते फारसं खोटंही नाही. यंत्राचं सरकारी नाव दीड ओळीचं आहे आणि ते फक्त दारावरच्या पाटीला पाठ आहे. टेबलाएवढी पेटी आणि पुढे नाकासारखी वाकलेली नळी, म्हणून हुंग्या.

हुंग्या काय करतो हे सांगायचं तर आधी मऊपणाबद्दल सांगायला हवं.

पीव्हीसी मुळात कडक असतं. शेतातला पाईप दगडावर आपटला तर टणकन वाजतो. त्याच पीव्हीसीचं मेणकापड, सलाईनची नळी किंवा पावसाळी चप्पल करायची असेल तर त्यात तेलासारखा एक पदार्थ मिसळतात. त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. त्याचे रेणू प्लास्टिकच्या लांबच लांब साखळ्यांमध्ये शिरून बसतात, साखळ्या एकमेकींवरून घसरू लागतात आणि कडक प्लास्टिक मऊ पडतं. पण हे रेणू साखळ्यांना कशानंही बांधलेले नसतात. जागा मिळाली म्हणून बसलेले असतात, संधी मिळाली की उठून जातात. हवेत जातात, धुळीत जातात, अन्नात जातात, आपल्या अंगात जातात.

अंगात ते फार काळ राहत नाहीत. यकृत त्यांचा एक हात तोडतं आणि एक-दोन दिवसांत ते लघवीवाटे बाहेर पडतात. मग काळजी कसली, असं लोक विचारतात. काळजी ही, की आजचे गेले तरी उद्याचे येतात. शरीर रोज घर झाडतं आणि दारातून रोज तेवढीच धूळ आत येते.

आजवर लघवीत हे रेणू सापडायचे, पण आले कुठून ते सांगता यायचं नाही. हुंग्याला ते सांगता येतं. बाजारातला कुठलाही प्लास्टिसायझर म्हणजे एकच रेणू नसतो. शेपट्या थोड्याथोड्या वेगळ्या असलेल्या पन्नासेक भावंडांचं ते मिश्रण असतं आणि त्यांचं प्रमाण प्रत्येक कारखान्याचं निराळं असतं. आमच्या खानदेशात प्रत्येक घरच्या काळ्या मसाल्याची चव निराळी असते, तसंच. शरीरात गेल्यावर रेणू बदलतात, पण त्यांच्या प्रमाणाचा माग हुंग्या उलटा काढत नेतो. केंद्राकडे हजारो वस्तूंचे तुकडे जपून ठेवलेले आहेत. लघवीतला ठसा आणि तुकड्यातला ठसा जुळला, की वस्तू सापडली.

त्या वर्षी आमच्यापुढे एक कोडं होतं. यावल, रावेर आणि जळगाव या तीन तालुक्यांतल्या तान्ह्या बाळांच्या लंगोटात आया कापसाची एक छोटी घडी ठेवायच्या आणि ती नळीत घालून आमच्याकडे पाठवायच्या. बऱ्याच बाळांचे आकडे पहिल्या दोन आठवड्यांत स्वच्छ असायचे, मग एकदम चढायचे आणि चार महिन्यांनी आपोआप उतरायचे. दिवसातही तसंच. सकाळी कमी, दुपारी कळस.

"दूध नाही," आमच्या प्रमुख डॉ. शबनम तडवी एकेक बोट मोजत म्हणाल्या. "आयांचे नमुने स्वच्छ आहेत. बाटली नाही, बाळं अंगावर पितात. पाणी तर पाजतच नाहीत. मग सकाळी या पोरांना होतं तरी काय?"

"अंघोळ," मी म्हणाले. "आणि त्याआधी मालिश. नाळ पडली की सुरू, चौथ्या महिन्यानंतर बंद."

तेलाच्या बाटल्या मागवल्या. स्वच्छ. वाटीत काढलेलं तेल तपासलं. तेही स्वच्छ. तेच तेल मालिशीनंतर बाळाच्या पाठीवरून कापसानं टिपून घेतलं, तेव्हा हुंग्याच्या पडद्यावर ठसा असा उमटला की मी खुर्चीवरून उठले. वाटी आणि पाठ यांच्यामध्ये काहीतरी होतं.

मग हुंग्यानं तो ठसा साठ्यातल्या तुकड्यांशी लावून पाहिला. जुळलेल्या तुकड्यावर चिकटवलेली चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती. दोन वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात, "निर्धोक वस्तूचा नमुना" म्हणून तो मी स्वतः आणून दिला होता. हौसेनं.

"मॅडम," मी म्हणाले, "ही माझ्या फुईच्या कारखान्यातली बाळमॅट आहे."

आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. रजनीफुईनं आम्हा दोघा भावंडांना वाढवलं, कारण आईबाबा लवकर गेले. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत तिचा चटयांचा कारखाना आहे. चटईचं प्लास्टिक वेगळं असतं, त्याला मऊ करायला काही घालावं लागत नाही. पण आठ वर्षांपूर्वी फुईचे दोन्ही गुडघे बदलले आणि डॉक्टरांनी तिला जमिनीवर बसायची मनाई केली. त्याआधी नात्यातल्या प्रत्येक बाळाला ती मालिश करायची ती जुन्या रीतीनं, पाय लांब करून, नडग्यांवर बाळाला पालथं घालून. ते बंद झाल्यावर ती गप्प बसणारी नव्हती. तिनं कारखान्यात एक नवीच वस्तू काढली. मऊ पीव्हीसीची, आत स्पंज भरलेली, कडा उचललेली, तेलानं न डागणारी, टेबलावर ठेवता येणारी मॅट. पाय लांब न करता मालिश. खानदेशातल्या बायकांनी ती डोक्यावर घेतली. फुई तर नात्यातल्या आणि कारखान्यातल्या प्रत्येक बाळंतिणीला बाळंतविड्यात कपड्यांबरोबर एक मॅट द्यायचीच.

डॉ. तडवींनी चष्मा काढला. "नातं सांगितलंस, बरं केलंस. आता हे प्रकरण तुझ्याकडे नाही."

"पुढे काय होईल?"

"दुसऱ्या प्रयोगशाळेचा दुजोरा. मग नोटीस. दोन-अडीच महिने धर."

"मॅडम, माझा भाचा महिन्याचा झालाय. त्याचीही नळी आपल्याकडे येते. त्याच्या बारशाची तयारी चाललीय. रोज सकाळी तो त्याच मॅटवर असतो."

आम्हा दोघींना माहीत होतं की ही तारखांची साधी गोष्ट नाही. जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत मुलग्याच्या शरीरात पुरुष संप्रेरकाची एक लाट येते. तिचा गाजावाजा नसतो, आईबापांना ती कळतही नाही. पण पुढच्या वाढीचं बरंच काम ती करून जाते. या कुळातले काही रेणू त्या लाटेला अडवतात, हे प्राण्यांत नीट दिसलं आहे आणि माणसांत त्याच्या खुणा सापडल्या आहेत. नेमक्या त्याच महिन्यांत आपण बाळाला मालिश करतो.

"मागच्या वर्षी एका खेळणीवाल्याचं नाव असंच बाहेर फुटलं," डॉ. तडवी म्हणाल्या. "आकडा आपलाच चुकला होता. तो निर्दोष निघेपर्यंत लोकांनी त्याचं दुकान फोडलं होतं. म्हणून नियम आहे. हुंग्यानं कोणाचं नाव घेतलं ते या खोलीबाहेर जाणार नाही."

"कळलं."

"बाळाचा आकडा त्याच्या आईबापांना सांगायचाच असतो, तो सांग." त्यांनी चष्मा परत लावला. "आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला काय शिकलीस? तेलात काय विरघळतं?"

"तेलकट."

"हे काही गुपित नाही."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाच्या घरी पोचले तेव्हा खोलीत ओव्याचा आणि बाळंतशोपांचा धूर भरला होता. टेबलावर हत्तींची चित्रं असलेली निळी मॅट, तिच्यावर तेलात चमकणारा माझा भाचा, टेबलाखाली निखाऱ्यांची शेगडी आणि समोर उंच स्टुलावर फुई. हात असे चालत होते की जणू कणीक मळतेय आणि कणकेशी बोलतेय.

"आली गं बाई तुझी आत्या," ती बाळाला म्हणाली. "लंगोट मागायले आली. दुसरं काही मागत नाही ती."

"फुई, थांब जरा. मॅटवर नको."

"काऊन? आताच धुतली हाये."

"धुण्याचं नाही. वहिनी, दादा, तुम्हीही ऐका. बाळाचा आकडा आला. या वयाला असावा त्याच्यापेक्षा खूप जास्त आहे."

जान्हवीवहिनी उशीला टेकून बसली होती, ती सरळ झाली. यज्ञेशदादा दारात कपबशी घेऊन उभा होता. तो फुईच्या कारखान्याचं सगळं बघतो, त्यामुळे तो आधी व्यवस्थापक म्हणून बोलला आणि बाप म्हणून नंतर.

"मॅटचं नाव कसं काय घेतेस? नाही भो, सर्टिफिकेट आहे आपल्याकडे. एका वर्षाच्या आतल्या बाळासाठी सुरक्षित. तूच मला वाचून दाखवलं होतंस."

"मी निकाल वाचला होता. चाचणी कशी केली ते वाचलं नव्हतं. मॅटचा तुकडा पाण्यात ठेवतात. साध्या, गार पाण्यात."

"मग?"

"तू पोराला पाण्यानं मालिश करतोस का?"

दादानं कपबशी खाली ठेवली.

मी समजावायला लागले. जुने चार प्लास्टिसायझर मुलांच्या वस्तूंत वापरायला बंदी झाली, तेव्हा त्यांच्याच घरातला एक चुलतभाऊ पुढे आला. लांब शेपटीचा. पाण्यात तो जवळजवळ उतरत नाही, म्हणून तो पास झाला. पण तेल त्याला माहेरासारखं. त्यात खालून ऊब, वरून चोळणं, आणि बाळाची पातळ कातडी. चाचणी लिहिणाऱ्यांनी फरशीवर रांगणारं मूल डोळ्यांसमोर ठेवलं होतं. कोमट तिळाच्या तेलात न्हालेलं, शेगडीवर शेकलं जाणारं बाळ त्यांनी पाहिलेलंच नव्हतं.

फुईचे हात थांबले होते. "तुझ्या त्या हुंग्यानं माझ्या मॅटीचं नाव घेतलं काय?"

"ते मी सांगू शकत नाही."

"मले सांगू शकत नाही?"

"कोणालाच नाही, फुई."

"मंग पक्कं काय माहीत हाये तुले?"

"हे तेलकट बाळ आणि तेलात विरघळणारं मेणकापड एकमेकांना चिकटलंय, एवढं पक्कं. बाळाच्या अंगात जे सापडायला नको ते सापडतंय, हेही पक्कं. त्यानं पुढे काय होईल ते पक्कं माहीत नाही. कदाचित काहीच नाही. ते वीस वर्षांनी कळेल, आणि तेव्हा मॅट काढून उपयोग नसेल."

"सतरा लेकरं चोळली म्या. एकाले सर्दी झाली नाही."

"तू चांगलंच चोळलंस. मी हातांबद्दल बोलत नाहीये."

"हातच माझे, मॅटही माझीच. दुसरं कशाबद्दल बोलू राह्यली मंग?"

वहिनी उठली, कमरेला पट्टा बांधलेला, तशीच सावकाश चालत आली आणि बाळाला फडक्यात गुंडाळून उचललं.

"पक्कं कळेपर्यंत मॅट नको," ती म्हणाली. "फुई, रागावू नका. पण नको."

फुई स्टुलावरून उतरली. तेलाचे हात तिनं पुसलेसुद्धा नाहीत. "उद्यापासून तुमचं तुम्ही चोळा," म्हणाली आणि निघून गेली. दाराच्या कडीवर तिच्या बोटांचे तेलकट ठसे राहिले.

*

मालिश बंद झाली आणि आकडा उतरू लागला. दोन दिवसांत निम्म्याच्याही खाली. शरीर आपलं काम करत होतं. एवढ्यानं माझं काम झालं होतं, असं म्हणता आलं असतं. भाचा सुटला होता, नोटीस तिच्या चालीनं आलीच असती. पण रोज सकाळी केंद्रात बसलं की मला तीन तालुक्यांतल्या शेगड्या दिसायच्या. फुई माझा फोन उचलत नव्हती. आणि तिच्या कारखान्यातून रोज नव्या मॅट्स बाहेर पडत होत्या.

मी दादाला गाठलं. "तुझ्या गुणवत्ता-खोलीत मला एक कोपरा दे. चाचणी तूच कर. मी हातही लावणार नाही."

"आणि काही निघालं नाही तर?"

"तर बारशाला सगळ्यांसमोर फुईचे पाय धरीन."

दादानं नव्या मॅटचे तळहाताएवढे दोन तुकडे कापून काट्यावर तोलले. एक तुकडा गार पाण्यात, सर्टिफिकेटमध्ये लिहिलंय तसा. दुसऱ्याला रोज सकाळी मालिशीला लागतो तेवढा वेळ कोमट तिळाचं तेल, खाली ऊब, हातमोजे घालून चोळणं, मग पुसून ठेवणं. मी फक्त बघत होते. पहिल्या दोन दिवसांत त्यानं मला तीनदा ऐकवलं की यातून काही निघणार नाही. पाचव्या दिवशी तो काही ऐकवेनासा झाला.

आठवड्यानं त्यानं दोन्ही तुकडे साबणानं धुऊन, वाळवून पुन्हा तोलले. पाण्यातला होता तसाच होता. तेलातल्याचं वजन बघून त्यानं काटा शून्यावर आणला, पुन्हा तोललं, पुन्हा शून्यावर आणला. मग खुर्चीत बसून राहिला.

"किती?" मी विचारलं.

"रोज उचलून घेतो मी त्याला," दादा म्हणाला. "अंगाला इतका छान वास येतो तेलाचा."

दार उघडं होतं. फुई कधी येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नाही. कारखाना तिचा, आठवडाभर तिची माणसं काय करताहेत हे तिला कळलं नसतं तरच नवल. ती आत आली, माझ्याकडे न बघता तिनं तेलातला तुकडा उचलला आणि अंगठा व बोटांमध्ये वाकवला. चाळीस वर्षं तिनं मालाची परीक्षा अशीच केली आहे. तुकडा वाकला, पण मधेच अडला.

तिचा चेहरा बदलला.

"हे तर परत येणाऱ्या मॅटीसारखं लागू राह्यलं," ती म्हणाली. "या दोघं माझ्यासंगं."

गोदामाच्या मागच्या भिंतीशी गिऱ्हाइकांनी बदलून मागितलेल्या जुन्या मॅट्सची चळत होती. तक्रार एकच, सहा महिन्यांत कडक होते. फुई न कुरकुरता बदलून द्यायची. आपल्याकडचं ऊन, बायका मॅट गच्चीवर वाळत घालतात, आणखी काय होणार, असं तिनं ठरवून टाकलं होतं. आम्हालाही कधी दुसरं काही सुचलं नव्हतं.

दादानं वरची मॅट काढून टेबलावर पसरली. फुईनं कडेवर हात ठेवला. मऊ. हात आत सरकवत नेला. मध्यावर आल्यावर नख टेकवलं, तर टक्क असा आवाज आला.

"दुसरी काढ."

दुसरीही तशीच. तिसरीही. कडा मऊ, उशाशी मऊ, आणि मधोमध, दीड वितीचा एक लांबट डाग, रंग तोच, पण हाताला पत्र्यासारखा. फुईनं त्या कडक भागाच्या कडेकडेनं बोट फिरवत नेलं. वर रुंद, खाली निमुळता, मग पुन्हा थोडा रुंद. पाठ, कंबर, ढुंगण. बोट फिरून जिथून निघालं तिथं परत आलं, तेव्हा टेबलावर एक बाळ निजलेलं होतं.

"ऊन काय मधोमधच पडते?" ती स्वतःशीच म्हणाली.

मग मॅटवरचं बोट न उचलता तिनं मला विचारलं.

"उर्वे, हा मऊपणा गेला कुठी?"

मला उत्तर येत होतं, तिलाही येत होतं.

दादा म्हणाला, "फुई, आपण कायदा मोडलेला नाही. नोटीस आलेली नाही. माल गुपचूप बंद करू, नवीन माल शोधू. जाहीर बोललीस तर लोक चटयासुद्धा घेणार नाहीत. अर्धा कारखाना या मॅटवर चालतो. बायकांना घरी बसवायची पाळी येईल."

"आणि घराघरात पडल्या हायेत त्यायचं काय?"

"नोटीस आली की..."

"तवर किती पोरं लोळतीन त्याच्यावर?" तिनं मॅटची गुंडाळी केली. मधला भाग नीट वळेना, तो तिनं कोपरानं दाबला. "यज्ञेश, हे पाह्य. कालपर्यंत मले माहीत नव्हतं. ती चूक. आज माहीत हाये. आजपासून एकही मॅट गेली तर ती चूक नाही, ते म्या मुद्दाम केलं होईन. मशीन बंद कर. बायकायले चटयाच्या खात्यावर घे. नाही पुरलं तर पाहू."

मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याकडे वळली. "आणि तू. सरळ गोदामात येऊन दाखवायचं ना. आठ दिवस तेलात काय तळू राह्यली होती?"

"मला गोदामातलं माहीत नव्हतं, फुई."

"मलेही कुठी माहीत होतं," ती म्हणाली.

*

बारसं बाळाला सव्वा महिना झाल्यावरच्या रविवारी होतं. नात्यातल्या आणि कारखान्यातल्या बायकांनी हॉल भरून गेला. पाळण्याखालून-वरून बाळाची देवाणघेवाण झाली, मी वाकून त्याच्या कानात "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं, निहार. नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत आहे, ती बायकांनी मनापासून पाळली. सगळ्यात जोरदार धपाटा फुईचा होता. आठ दिवसांचा सगळा हिशेब त्यात होता आणि त्यात तो मिटलाही.

घुगऱ्या वाटायच्या आधी फुई उठून उभी राहिली. बाळंतविड्याच्या ताटात कपडे होते, चांदीची वाटी होती, खेळणं होतं. मॅट नव्हती. बायकांनी ते केव्हाच हेरलं होतं.

"या ताटात काय नाही ते तुमाले दिसलं असंन," फुई म्हणाली. "माझी मॅट. ती आता बंद. तुमच्या घरी असंन ती उद्या परत आणा. फाटकी असो, नवी असो, पाहुण्याच्या घरी दिली असो. तेल लागलं की तिच्यातलं औषध बाळाच्या अंगात उतरते. मले माहीत नव्हतं. आता माहीत झालं."

कुजबुज पसरत गेली. मागून कोणीतरी हसून म्हणालं, "मंग होळीत टाकू काय?"

"अय, चुलीत नको न होळीत नको!" फुई ओरडली. "जाळली तर त्याहून वाईट धूर निघते. मले परत आणून द्या. तुमाले बदल्यात चटई देते."

"चटईवर नाही काही?" एकीनं विचारलं.

"चटईचं प्लास्टिक वेगळं," मी म्हणाले. "त्यात हे घालतच नाहीत."

"तू म्हणशीन, बाई. सर्टिफिकेट तर मॅटीलेही होतं," ती म्हणाली.

पुढच्या रांगेतली एक बाई उभी राहिली. पॅकिंगच्या खात्यात काम करणारी संगीता. तिचा मुलगा तिच्या पदराला धरून होता, चारेक वर्षांचा, तोंडात घुगऱ्या.

"ताई, हा त्याच मॅटीवर वाढला. चार महिने, रोज. याचं काय?"

फुईनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. काही होत नाही, असं म्हणणं अगदी सोपं होतं. तिला तेच ऐकायचं होतं.

"त्याच्या अंगात तेव्हाचं आता काही उरलेलं नाही," मी म्हणाले. "शरीर ते काढून टाकतं. पण जाण्याआधी त्यानं काही केलं की नाही, ते मला माहीत नाही. बहुतेक मुलांना काहीच होत नाही. ज्यांना होतं त्यांचं लवकर कळलं तर उपाय असतात. केंद्रात तपासणी फुकट आहे, त्याला घेऊन या. दर वर्षी आणा. मी असेन."

संगीतानं मुलाच्या तोंडावरून पदर फिरवला. मग म्हणाली, "सोमवारी आणते." आणि खाली बसून तिनं मुलाला मांडीवर ओढून घेतलं, तो मोठा झाला होता तरी.

नोटीस दोन महिन्यांनी आली. डॉ. तडवी स्वतः ती घेऊन कारखान्यावर गेल्या, तेव्हा फाटकाच्या आत मॅट्सचा डोंगर झाला होता आणि त्यांना गाडी बाहेर लावावी लागली. नोटिशीतलं बहुतेक सगळं आधीच करून झालं होतं. दादानं त्यांच्या हातात स्वतःच्या चाचणीची मोजमापं ठेवली, आणि चाचणीचे नियम बदलायला निघालेल्या समितीपुढे ती गेली. आता तान्ह्या बाळांच्या वस्तूंची चाचणी पाण्याबरोबर तेलातही होते. कोमट, खालून ऊब देऊन. काही लोकांनी चटया घ्यायचं बंद केलं, तेही दादानं सांगितलं तसंच झालं. दोन यंत्रं विकावी लागली. फुई त्याबद्दल बोलत नाही.

पण बारशाच्या दुसऱ्याच दिवशीची सकाळ सांगायची राहिली.

मी दादाकडेच मुक्कामाला होते. उठून बाहेर आले तर फुई आली होती. जमिनीवर चटई अंथरलेली, तिच्यावर जुनं सुती लुगडं, शेजारी तेलाची वाटी. निहार वहिनीच्या कडेवर उघडाबंब. फुई स्टुलावर.

"ये, बस," ती मला म्हणाली. "पाय लांब कर."

"मी?"

"मंग काय यज्ञेशले बसवू? माझे गुडघे लोखंडाचे हायेत. तुझे तर जागेवर हायेत ना? आत्या नुसती नाव ठेवायले नसते."

मी बसले, सलवार गुडघ्यांवर सरकवली, पाय लांब केले. वहिनीनं निहारला माझ्या नडग्यांवर पालथं ठेवलं. तो इतका गरम आणि इतका निसरडा होता की मी त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"धरू नको, घसरत नाही तो. बोटं पसर. मानेपासून खाली. दाबू नको, लोटीत ने. असं." फुई स्टुलावरून वाकून माझ्या हातांवर आपले हात ठेवत होती. तेल कोमट होतं. त्याच्या पाठीवरून ते ओघळून माझ्या पायांवर येत होतं, आणि वाटी व पाठ यांच्यामध्ये आमच्या हातांशिवाय काहीही नव्हतं.

थोड्या वेळानं फुई म्हणाली, "आता सुलटा कर."

मी त्याला उताणं केलं. त्यानं माझ्याकडे गंभीरपणे पाहिलं, एक पाय झाडला, आणि सरळ, नेमकी धार माझ्या कुडत्यावर सोडली.

वहिनी खो खो हसायला लागली. मी हात वर करून तशीच बसले.

"घे गं शास्त्रज्ञबाई," फुई म्हणाली, "नमुना."